थोरोला जागा कोणी दिली?

आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा पन्नास वर्षं होतायत. तासगावकडून भाच्याचा फोन आला, "मावशी, स्मरणिका काढतोय. 'आपल्या गावचे नामवंत' असं एक पान ठेवलंय. तू इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, तूच नावं काढून दे. पंधरा तरी पाहिजेत बघ."

मी तेव्हा बोस्टनजवळ लेकीकडे होते. ऑक्टोबर महिना, झाडं लालभडक झालेली. म्हटलं, देते की, त्यात काय. आणि त्याच शनिवारी लेक मला आगगाडीनं कॉंकर्डला घेऊन गेली. तिथून आल्यापासून ती यादी काही पुढे सरकेना. का, ते सांगते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

आधी उच्चार. मी आपली गाडीत बसल्यापासून 'कॉन्कॉर्ड, कॉन्कॉर्ड' करत होते. लेकीनं दटावलं, "आई, कॉंकर्ड म्हण. इथं कॉन्कॉर्ड म्हटलं की लगेच कळतं बाहेरचे आहेत ते." मी नऊवारीत नसले तरी सहावारीवर स्वेटर घालून बसले होते. बाहेरची आहे हे कळायला उच्चाराची गरज नव्हती.

तर हे कॉंकर्ड. बोस्टनपासून वीसेक मैलांवर. आज वस्ती अठरा हजारांच्या आसपास, पण ज्या काळासाठी लोक तिथं जातात त्या काळात, म्हणजे १८४०च्या दशकात, जेमतेम दोन हजार. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं. आणि एवढ्याशा गावात एकाच वेळी कोण कोण राहत होतं बघा. विचारवंत आणि निबंधकार राल्फ वॉल्डो इमर्सन. त्याचा तरुण मित्र, लेखक हेन्री डेव्हिड थोरो. कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न. 'चौघीजणी'ची मूळ लेखिका लुइझा मे अल्कॉट आणि तिचे विक्षिप्त वडील ब्रॉन्सन. पुढे वॉशिंग्टनच्या स्मारकातला तो खुर्चीत बसलेला भव्य लिंकन ज्यानं घडवला, तो डॅनियल चेस्टर फ्रेंच याच गावात वाढला. त्याच्या हातात मूर्तिकामाची हत्यारं पहिल्यांदा दिली ती लुइझाच्या धाकट्या बहिणीनं. शिवाय अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा, १९ एप्रिल १७७५ रोजी, इंग्रजांविरुद्ध जिथं गोळ्या झाडल्या गेल्या तो पूलही इथलाच.

मराठी वाचकाला ह्यातली दोन घरं तर परकी नाहीतच. शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' वाचून आम्ही मोठ्या झालो. त्या चौघी ह्या गावच्या. आणि थोरोचं 'वॉल्डन', तळ्याकाठी खोपटात एकट्यानं राहिल्याचं पुस्तक, दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून मराठीत आणलं, ते तळं ह्या गावाच्या शिवेवर. आगगाडी त्याच्या अगदी कडेनं जाते. लेक म्हणाली, "आई, बघ, बघ," मी चष्मा शोधेपर्यंत तळं गेलं.

आम्ही पहिल्यांदा तिथंच गेलो. तळं आपल्या मापानं मोठंच, साठेक एकर. त्याला तळच नाही अशी गावात समजूत होती. थोरोनं १८४६मध्ये दोरीला दगड बांधून मोजलं, १०२ फूट भरलं. मला हा माणूस आवडतो तो एवढ्यासाठी. वाहनतळाजवळ त्याच्या खोपटाची हुबेहूब प्रतिकृती उभी केलीय. दहा बाय पंधरा फूट. एक पलंग, एक टेबल, तीन खुर्च्या, एक शेगडी. आमच्या मळ्यातली पंपाची खोली ह्याहून थोडी मोठी असेल. एका आयरिश रेल्वे मजुराची झोपडी त्यानं सव्वाचार डॉलरला घेतली, तिच्या फळ्या सुट्या करून आणल्या आणि सगळं घर २८ डॉलर साडेबारा सेंटमध्ये उभं केलं. हिशेब पुस्तकात पैन् पै दिलाय. खिळे किती, चुना किती, खडू एक सेंटचा.

पण त्या हिशेबात जागेची किंमत नाही.

हे मला तिथं त्या दारात उभं राहिल्यावर सुचलं. पुस्तक मी वाचलं होतं, शाळेत मुलांना त्यावर दोनदा बोललेही होते, पण कधी खटकलं नव्हतं. जमीन इमर्सनची. त्यानं १८४४मध्ये तळ्याकाठचा तो तुकडा घेतला आणि पुढच्या वर्षी थोरोला म्हणाला, बांध बाबा घर. भाडं नाही. थोरोनं थोडी साफसफाई केली, काही पाइन लावले, बस. ४ जुलै १८४५ला तो राहायला गेला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवसांनी परत आला. परत कुठं? तर इमर्सनच्याच घरी. इमर्सन युरोपला व्याख्यानांना निघाला होता, त्याचं घर, बायको, पोरं सांभाळायला. त्याच्या आधीही दोन वर्षं तो त्याच घरात राहत होता, झाडं छाटत, कुंपणं दुरुस्त करत.

आता इमर्सनकडे पैसा कुठून आला? त्याची पहिली बायको एलन १८३१मध्ये क्षयानं गेली, एकोणीस वर्षांची पोर. तिच्या वाट्याचा पैसा त्याच्याकडे आला आणि त्यातून वर्षाला बाराशे डॉलरच्या आसपास मिळू लागले. धर्मोपदेशकाची नोकरी त्यानं आधीच सोडली होती. ह्या पैशाच्या जोरावर कॉंकर्डला घर घेतलं, आणि मग हळूहळू एकेकाला गावात ओढून आणलं. हॉथॉर्न लग्न करून आला तेव्हा इमर्सनच्या आजोबांचं घर त्याला भाड्यानं मिळालं. (थोरोनं त्या नव्या जोडप्यासाठी परसात भाज्या लावून ठेवल्या होत्या, लग्नाचा आहेर म्हणून. असला आहेर मला कुणी दिला नाही.) अल्कॉट कुटुंब कर्जानं गांजलेलं, त्यांना घर घ्यायचं होतं तेव्हा पाचशे डॉलर इमर्सनचे. लुइझा लहानपणी पुस्तकं आणायची ती इमर्सनच्या कपाटातून.

म्हणजे अमेरिकेच्या साहित्याचं ते जे सुवर्णयुग म्हणतात, त्याचं जोतं बघायला गेलं तर एका मेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पैशावर उभं. तिचं नाव कुठल्या पाटीवर मला दिसलं नाही. असेलही, पण मला दिसलं नाही.

इमर्सन देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. थोरोच्या पहिल्या पुस्तकाला त्यानं भरीला घातलं, पदरमोड करून छाप म्हणाला. १८४९ला हजार प्रती छापल्या, चार वर्षांनी ७०६ परत आल्या. प्रकाशकानं घरी आणून टाकल्या. थोरोनं त्या पाठीवरून माडीवर नेल्या आणि रोजनिशीत लिहिलं की माझ्याकडे आता जवळपास नऊशे पुस्तकांचा संग्रह आहे, त्यातली सातशेच्या वर मी स्वतः लिहिलेली. ते कर्ज त्यानं लोकांच्या जमिनी मोजून फेडलं. भूमापन हा त्याचा खरा पोटापाण्याचा धंदा, आणि शिवाय घरचा पेन्सिलींचा कारखाना. मैत्री पुढं बरीच आंबली. तरी थोरो मेला तेव्हा भाषण इमर्सननंच केलं, आणि त्यात चिमटाही काढला. अख्ख्या अमेरिकेची घडी बसवायची तर हा गडी रानमेवा गोळा करणाऱ्या पोरांचा पुढारी होऊन बसला, म्हणाला.

हा चिमटा मला सहन होत नाही. कारण तो रानमेवा साधा नव्हता. जुलै १८४६. थोरो बूट दुरुस्तीला टाकलेला आणायला तळ्यावरून गावात आला, आणि तुरुंगाधिकारी सॅम स्टेपल्सनं हटकलं. डोईपट्टी थकलेली. सरकार गुलामगिरीला हात लावत नाही, मेक्सिकोवर लढाई करतं, त्याला मी पैसा देणार नाही, हे थोरोचं म्हणणं. सॅम म्हणाला, हवं तर मी भरतो रे तुझे. थोरो नको म्हणाला. एक रात्र आत. तेवढ्यात कुणीतरी येऊन पट्टी भरून गेलं, बहुतेक त्याची आत्या. सकाळी सुटला, बूट घेतला, आणि अर्ध्या तासात पोरांना घेऊन डोंगरावर करवंदांसारखी ती काळी फळं तोडायला गेला. सगळं स्वतःच लिहिलंय त्यानं. इमर्सनला हे तुरुंगात जाणं आवडलं नव्हतं. पण त्या एका रात्रीवर केलेलं व्याख्यान १८४९मध्ये छापलं गेलं, पुढं दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडलं, आणि बाकीचं आपल्याला माहीत आहे.

आणि दुर्गाबाई. थोरो मराठीत आणणारी ही बाई १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष होती, आणीबाणी चालू, यजमान यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून ती आणीबाणीच्या विरोधात बोलली आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं केलं. पुढं तिलाही तुरुंग झाला. तासगावपासून कऱ्हाड लांब नाही. माझे वडील गेले होते त्या संमेलनाला, परत आल्यावर दोन दिवस दुसरं काही बोलले नाहीत. रानमेव्याचा पुढारी म्हणे!

बरं, थोरोची टिंगल करायची आता एक फॅशनच झालीय. 'जंगलात राहत होता म्हणे, आणि कपडे धुवायला आईकडे!' आमच्याबरोबर गाडीत एक तरुण होता, तोही हेच म्हणून हसला. मीही पूर्वी हसले होते. आता राग येतो, पण थोरोवर नाही. हसणाऱ्यांना त्या आईचं नाव माहीत नसतं. सिंथिया थोरो. घरात भाडेकरू ठेवून, त्यांचं जेवणखाण करून संसार चालवायची. तिच्या घरातल्या बायका गावातल्या गुलामगिरीविरोधी महिला संघात होत्या. हा संघ १८३७चा, तेव्हा पोरगा नुकता कॉलेजातून बाहेर पडला होता. पळून आलेल्या गुलामांना त्या घरात रात्रीचा आसरा मिळायचा, पुढं कॅनडाकडे रवानगी व्हायची. १८४४मध्ये त्या बायकांनी इमर्सनचं गुलामगिरीविरुद्ध भाषण ठरवलं, आणि चर्चची घंटा कुणी वाजवून देईना, तेव्हा थोरोनं जाऊन स्वतः दोर ओढला. म्हणजे धुणं धुणाऱ्या बाईकडूनच पोरगा बंड शिकला म्हणायला जागा आहे. धुण्याचं सोडा.

लुइझाच्या घरी गेलो तेव्हा पायऱ्या चढताना गुडघा धरला होता, पण वर तिची खोली बघितल्यावर विसरले. दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीला ठोकलेली एक अर्धगोल फळी. बस, एवढंच टेबल. वडिलांनी करून दिलेलं. त्यावर १८६८च्या उन्हाळ्यात, दोन-अडीच महिन्यांत, 'चौघीजणी'चा पहिला भाग लिहून झाला. प्रकाशकाला मुलींसाठी पुस्तक हवं होतं. हिला मुळीच उत्साह नव्हता, रोजनिशीत सरळ लिहिते की मला मुली कधी फार आवडल्याच नाहीत, बहिणी सोडून फारशा ओळखतही नाही. पण घरात पैसा नव्हता. वडील तत्त्वज्ञ. म्हणजे काय, ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. १८४३मध्ये त्यांनी आदर्श वसाहत काढली, मांस नाही, दूध नाही, कापूस गुलामांनी पिकवलेला म्हणून सुती कपडे नाहीत, सातेक महिन्यांत थंडीनं आणि उपासमारीनं सगळं बंद. तोवर बायकोनं किती राबावं ह्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. उजवा हात दुखायला लागला तर डाव्यानं लिहायचं, असं लुइझानं शिकून घेतलं. यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करताना विषमज्वर झाला, औषध म्हणून पारा दिला, तब्येत जन्माची गेली. तरी पुस्तक चाललं तसं आधी सगळं कर्ज फेडलं. पुढं १८७७मध्ये बहिणीसाठी घर घेतलं, त्यालाही हिनं पैसा घातला. कुठलं घर माहितीय? थोरो जिथं वारला ते. तत्त्वज्ञांच्या गावात घर विकत घ्यायची ऐपत शेवटी पोरींची पुस्तकं लिहिणारीला आली.

१८८०च्या मार्चमध्ये कॉंकर्डच्या शाळा समितीसाठी बायकांना मत देता आलं. वीस जणी गेल्या, त्यात ही. नंतर तिनं लिहिलंय की आमच्या डोक्यावर वीज पडली नाही, की गावाला भूकंपाचा धक्का बसला नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा माणूस. मी द्राक्षबागेत वाढलेली. अल्कॉटांच्या शेजारी इफ्रेम बुल नावाचा एक सोनार-कामगार राहायचा, सोन्याचा वर्ख बनवणारा. त्याला नाद द्राक्षांचा. तिथली थंडी अशी की युरोपातल्या वेली जगत नाहीत आणि रानद्राक्षं आंबट-उग्र. ह्यानं हजारो रोपं लावून, चाखून, उपटून टाकून १८४९मध्ये एक वेल धरला, जांभळा, दाट, लवकर पिकणारा. तेच कॉंकर्ड द्राक्ष. आज अमेरिकेत पोरं जो जांभळा रस पितात आणि पावाला जो जॅम लावतात तो त्याचा. बुलनं १८५३मध्ये ती जात बाहेर काढली, पहिल्या वर्षी रोपं विकली, मग ज्यानं त्यानं काड्या तोडून आपापली कलमं केली. वनस्पतीवर हक्क सांगायचा कायदाच नव्हता. १८९५मध्ये तो गावच्या वृद्धाश्रमात गरिबीत मेला. त्याच्या दगडावर लिहिलंय, पेरलं ह्यानं, कापलं दुसऱ्यांनी. मी ते लेकीला मोठ्यानं वाचायला लावलं. आमच्या बागेत सोनाका होती, पुढं तास-ए-गणेश आली. पहिली काडी कुणी कुणाकडून आणली, त्याचे किती पैसे दिले, की नाहीच दिले, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आणि एक घर, जे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. त्या ऐतिहासिक पुलासमोरच एक साधं लाकडी घर आणून ठेवलंय. सीझर रॉबिन्स हा ह्या भागात गुलाम होता. होय, मॅसॅच्युसेट्समध्येही गुलाम होते. ते घर त्याच्या मुलांचं. त्याची नात एलन गॅरिसन ह्याच गावात १८२३ला जन्मली, थोरोपेक्षा सहा वर्षांनी धाकटी. शिक्षिका झाली, युद्धानंतर दक्षिणेत जाऊन मुक्त झालेल्या लोकांना शिकवलं. १८६६मध्ये बाल्टिमोर स्टेशनवर बायकांच्या प्रतीक्षालयात मुद्दाम बसली, धक्के मारून बाहेर काढली, तर नव्या नागरी हक्क कायद्याखाली खटला भरला. कायदा होऊन महिना-दोन महिने झाले होते. खटला पुढं उभा राहिला नाही. पण बघा, तुरुंगातल्या एका रात्रीचं आपण शाळेत शिकवतो, आणि ह्या बाईचं नाव मी सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. शिक्षिका म्हणून मला तिथं जरा ओशाळल्यासारखं झालं.

स्मशानभूमीत शेवटी गेलो. टेकाडावर सगळे शेजारी शेजारी. इमर्सनला ओबडधोबड गुलाबी स्फटिकाची भलीमोठी शिळा. थोरोच्या दगडावर फक्त 'हेन्री', वीतभर दगड, आणि भोवती लोकांनी ठेवलेल्या पेन्सिली. शेकड्यानं. लेकीनं पर्समधून एक काढून दिली, मी ठेवली. टोक नव्हतं तिला.

गावात कुणीतरी विचारेल, मग इमर्सनला काय मिळालं? जुलै १८७२मध्ये त्याच्या घराला आग लागली. तो ६९ वर्षांचा, स्मरणशक्ती जायला लागलेली. अख्खं गाव धावलं, पुस्तकं-कागद बाहेर काढले, त्यात लुइझाही होती. मित्रांनी दहा हजार डॉलरच्या वर गोळा केले आणि म्हाताऱ्याला लेकीबरोबर युरोप-इजिप्तला फिरायला धाडलं. पुढच्या मे महिन्यात तो परतला तर स्टेशनवर घंटा, बँड, शाळेची सगळी पोरं. त्याला मिरवत घरापर्यंत नेलं. घर जसंच्या तसं बांधून तयार. तो आत गेला, मग पुन्हा फाटकापर्यंत आला आणि म्हणाला की हा एका म्हाताऱ्याचा सन्मान नाही, कॉंकर्डमध्ये आपण सगळे एकाच घरातले आहोत. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना जागा दिली, त्याला गावानं घर बांधून दिलं. हे वाचताना मला रडू आलं, आता हसायचं असेल तर हसा.

तर यादी. भाच्यानं तीनदा आठवण केली. दोन निवृत्त अधिकारी, एक कुस्तीगीर, एक माजी सभापती, एक अमेरिकेतला इंजिनियर (माझाच जावई, संकोच वाटतो) ही नावं त्याच्याकडे होतीच. मी त्याला एकच नाव पाठवलं. वाचनालय सुरू झालं तेव्हा त्याला जागा नव्हती. बाजारपेठेतल्या शिंपीकाकांनी दुकानाची पुढची ओसरी दिली, अकरा वर्षं, एक पैसा भाडं नाही. वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर थंड इस्त्री ठेवलेली असायची. काकू रोज सकाळी ती ओसरी झाडायच्या, आणि पोरी वाचत बसल्या असतील तर बाहेरच्या टवाळांना हाकलायच्या. मी तिथंच 'चौघीजणी' वाचली.

भाचा म्हणाला, "मावशी, चांगलंय, पण फोटो लागेल."

काकांचा एक आहे, कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत. काकूंचा कुणाकडे असेल तर मला मेसेंजरवर पाठवा. छपाईला पंधरा दिवस आहेत.